गावातल्या आरोग्यसेवेचा अभ्यास कसा करायचा: फॉर्म नंतर, आधी "शेवटच्या वेळी काय झालं?"

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतं. कधी समाजकार्य शिकणारी (एमएसडब्ल्यूची) पोरं, कधी नर्सिंगच्या विद्यार्थिनी, एकदा तर नुकताच निवडून आलेला सरपंच. आमच्याकडे दवाखान्याची बोंब आहे, सर्व्हे करायचाय, तुमच्याकडे तयार फॉर्म असेल तर पाठवा ना. मी फॉर्म पाठवत नाही, आणि मग लोकांना वाटतं की हा माणूस भाव खातोय. तसं नाही हो. माझा स्वतःचा पहिला फॉर्म इतका फसला होता की आता फॉर्म हा शब्द ऐकला तरी घाबरायला होतं.

त्या फॉर्मात दुसराच प्रश्न होता, "तुम्हाला आरोग्यसेवा वेळेवर मिळते का? हो / नाही." बहुतेक सगळ्यांनी "हो" सांगितलं. मी खूश. आणि त्याच पाड्यावरून पंधरा दिवसांपूर्वी एका बाईला झोळीत घालून रात्री खाली रस्त्यापर्यंत आणलं होतं, बाळंतपण वाटेतच झालं होतं, हे मला चहा पिताना कळलं, फॉर्म भरताना नाही. लोक खोटं बोलत नव्हते. पॅन्ट-शर्टातला माणूस कागद घेऊन आलाय, सोबत गावची आरोग्य कार्यकर्ती आशाताई आहे, म्हणजे सरकारी असणार, मग "हो मिळते" म्हणून मोकळं व्हायचं, उगाच तिची नोकरी कशाला खायची. शहाणपणाचंच उत्तर आहे ते.

तेव्हापासून माझा नियम एकच, मत विचारायचं नाही, घटना विचारायची. "ताई, मागच्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा घरात कोण कोण होतं? मग काय केलं? गाडी कुणी बोलावली? किती वेळानं आली?" खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका नियमाभोवती फिरतंय.

एकच प्रश्न पकडा

"गावाच्या आरोग्य समस्या" हा विषय नाही, ते पोतं आहे, त्यात काहीही कोंबता येतं. त्यापेक्षा "गेल्या वर्षभरात ज्या बायकांची बाळंतपणं झाली, त्या कळा सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत कुठे अडल्या" असा प्रश्न घ्या. किंवा बीपी-शुगरच्या पेशंटना महिन्याच्या गोळ्या सलग मिळतात का. किंवा पान लागलं (आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात) तर माणूस आधी कुठे नेला जातो.

प्रश्न ठरला की एक जुनी पण फार कामाची चौकट वापरा. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन संशोधक बायकांनी मातामृत्यूंबद्दल तीन उशीर सांगितले. पहिला उशीर घरात होतो, म्हणजे जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेत. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर, उपचार सुरू होण्यात. मी बाळंतपणच काय, सर्पदंशाला आणि बाळाच्या न्यूमोनियालाही हीच चौकट लावतो. तिचा फायदा असा की भांडण थांबतं. गाव म्हणतं डॉक्टर नसतो, डॉक्टर म्हणतो लोक उशिरा येतात, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, पण नेमका कुठला उशीर मोठा आहे हे कुणी मोजलेलंच नसतं.

जाण्याआधी कागद वाचा, पण कागदावर विश्वास ठेवू नका

निकष पाठ करून ठेवा, सगळीकडे लागतात. सपाटीवर ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३ हजारांमागे. पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ३० हजारांमागे किंवा २० हजारांमागे. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीचं केंद्र १ लाख २० हजार किंवा ८० हजारांमागे. आशा साधारण हजार लोकवस्तीला एक. आता हे आकडे लोकसंख्येवर बांधलेत, अंतरावर नाही, आणि सगळी गोम इथंच आहे. तीन हजार लोक तीस पाड्यांत, मध्ये दोन नद्या, असं असेल तर निकषात बसणारं उपकेंद्र पण निम्म्या लोकांच्या कामाचं नसतं.

पीएचसीची माहिती नुसती तोंडी मागून बघा, कित्येक एमओ (तिथले वैद्यकीय अधिकारी) आनंदाने देतात. नाहीच दिली तर माहिती अधिकार आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो, त्यामुळे सगळं रामायण एका अर्जात लिहू नका. मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या बारा महिन्यांत महिन्यागणिक बाळंतपणं किती, पुढच्या दवाखान्यात पाठवलेले (रेफर) किती, कुठली औषधं कुठल्या महिन्यात शून्यावर होती, एवढं पुरे. पेशंटची नावं मागायची नाहीत, मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

कागदावर विश्वास का नाही, तर गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथं सर्च संस्था सुरू केली, आणि दवाखान्यात कोण येतंय हे मोजत न बसता दोन गावांत जाऊन ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरात हे कधी दिसलं असतं? रजिस्टरात जो आला तो दिसतो. जो आलाच नाही तो तुमचा खरा विषय आहे, आणि तो फक्त घरी भेटतो.

परवानगी, आणि संमती खरीखुरी

ग्रामपंचायतीला पत्र, तालुका आरोग्य अधिकाऱ्याला पत्र, कॉलेजचा अभ्यास असेल तर एथिक्स कमिटीची मान्यता. हे आधी. मग प्रत्येक घरात तीन वाक्यं बोलायची, की आम्ही सरकारकडून आलेलो नाही, तुम्ही बोललात किंवा नाही बोललात तरी रेशन, घरकुल, कशावरही परिणाम नाही, आणि मध्येच "बास" म्हणालात तर आम्ही उठू. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नसतं. नाव फॉर्मवर लिहू नका, घराला नंबर द्या, आणि नंबर-नावाची वही वेगळी, कुलपात.

अजून एक, हे आधीच ठरवून ठेवा: फिरताना तापाने फणफणलेलं बाळ दिसलं तर काय करणार? "आम्ही फक्त माहिती घ्यायला आलोय" हे उत्तर चालत नाही. गाडीचा नंबर, पैसे, सोबत कोण जाणार, सगळं ठरलेलं पाहिजे. त्या दिवशीचा सर्व्हे बुडतो, बुडू द्या.

नकाशा काढा, किलोमीटरचा नाही, वेळेचा

माझा सगळ्यात आवडता दिवस हाच. मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या अंगणात रांगोळीनं, खडूनं गाव काढायचं. बायकांचा नकाशा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा काढून घ्या, दोन्ही शेजारी ठेवले की मजा येते. पुरुष रस्ते आणि दुकानं काढतात, बायका पाणी, सुईण, आणि रात्री जिथं भीती वाटते ती जागा काढतात.

मग प्रत्येक वस्तीवरून दवाखान्यापर्यंतच्या चार वेगवेगळ्या वेळा लिहायच्या. उन्हाळ्यात दिवसा किती वेळ लागतो, रात्री किती, पावसाळ्यात दिवसा आणि पावसाळ्यात रात्री किती. गूगल मॅपवर १४ किलोमीटर दिसतं, पण शेवटची एसटी साडेपाचला गेली, काळी-पिवळी फक्त बाजाराच्या दिवशी, आणि ओढ्याला पाणी आलं की वाट बंद, मग तेच १४ किलोमीटर अख्खी रात्र होतं. फोनला रेंज कुठं मिळते ती जागाही नकाशावर पाहिजे. १०८ राज्यात २०१४ पासून आहे, गरोदर बायकांसाठी १०२ आहे, पण फोन लागायला आधी टेकडी चढायची असेल तर दुसरा उशीर गाडीचा नाही, टॉवरचा आहे. हे तुमच्या फॉर्ममध्ये आलं नाही तर उपाय म्हणून तुम्ही अजून एक अॅम्ब्युलन्स मागाल आणि ती तिथेच खाली उभी राहील.

घरं कशी निवडायची

गावात शंभर-सव्वाशे घरं असतील तर निवडू नका, सगळी करा. जास्त असतील तर यादी करा, पण ग्रामपंचायतीची यादी घेऊन गप्प बसू नका, शेवटच्या घरापर्यंत चालत जा, कारण यादीत नसलेली घरंच बहुधा सगळ्यात लांब असतात. समजा २४० घरं आहेत आणि ६० करायची आहेत, तर दर चौथं घर. पहिलं घर एक ते चारमधून चिठ्ठी काढून. सोयीचं घर नाही, आशाताईंनी सांगितलेलं घर नाही, चिठ्ठीचं घर.

घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही. तीनदा जा, वेगवेगळ्या वेळी. जे घर दिवसभर मजुरीला जातं तेच दवाखान्याला सगळ्यात उशिरा पोचतं, त्याला गाळलं की तुमचा आकडा गोड होतो आणि खोटा होतो.

किती घरं हवीत याचा ढोबळ अंदाज असा, नीट चिठ्ठीनं निवडलेल्या १०० घरांत आलेली टक्केवारी साधारण १० टक्के वर-खाली धरून चालायची, ४०० घरांत ५ टक्के. म्हणून साठ घरांचा सर्व्हे करून "५३.३ टक्के" असं दशांशात लिहू नका, हसतात लोक. निम्म्याहून थोडी जास्त, असं लिहा.

दोन गोष्टी मात्र आकडेशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाहीत. एक, पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या गावात तुम्ही गेलात तर बाई तिथं नसते, माहेरच्या गावात ती यादीत नसते, दोन्हीकडून सुटते, आणि जोखीम तिलाच जास्त. म्हणून "या घरातून कुणी बाळंतपणाला बाहेर गेलंय का, आणि बाहेरून कुणी लेक आलीय का" हे दोन्ही विचारायचं. दुसरं, ऊसतोड. बीडकडे किंवा जिथून टोळ्या जातात तिथं दिवाळीनंतर गेलात तर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं भेटतील. टोळ्या परत येईपर्यंत थांबा, नाहीतर सरळ कारखान्याच्या अड्ड्यावर जा.

प्रश्न लिहिणं

वीस प्रश्नांच्या वर गेलात तर समोरची बाई चुलीकडे बघायला लागते. माझा आताचा फॉर्म बारा प्रश्नांचा आहे.

किती मागचं विचारायचं हे आजारावर आहे. साधा ताप-खोकला १५ दिवसांतला, दवाखान्यात भरती झालेलं वर्षभरातलं, सरकारी मोठे सर्व्हेसुद्धा असंच करतात. तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. पोळ्याच्या आधी की नंतर, पेरणी झाली होती का, अशानं महिना पक्का होतो.

शब्द गावाचे घ्या. ल्युकोरिया नाही, अंगावरून पांढरं जाणं. अॅनिमिया नाही, डोळ्यापुढे अंधारी. मेळघाटात भुमका म्हणतात, पालघरकडे भगत, गडचिरोलीत पुजारी, आणि "तुम्ही अंधश्रद्धेमुळे भगताकडे गेलात का" असला प्रश्न कुणी लिहिला तर त्याला सरळ घरी पाठवा. विचारायचं, "सगळ्यात आधी कुणाला दाखवलं? मग कुणाला?" क्रम लिहून घ्यायचा, बस. कोरकू, पावरी, माडिया बोलणाऱ्या गावात मराठी फॉर्म जागेवर भाषांतर करून विचारू नका, आधी तिथल्याच दोन पोरींबरोबर बसून प्रश्न त्यांच्या भाषेत पक्के करा, मग तिसऱ्या कुणाला तरी ते परत मराठीत सांगायला लावा. काय काय बदललंय ते ऐकून थक्क व्हाल.

पैशाचा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये अर्धवट असतो. "खर्च किती झाला" विचारलं की लोक डॉक्टरची फी सांगतात. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर आणि उपचार मोफत झालेत, तरी माणूस कर्जात जातो, तो कसा? गाडीभाडं, सोबतच्या दोघांचं जेवण, बाहेरून आणायला लावलेलं औषध, तिघांची बुडालेली मजुरी, आणि हे सगळं भागवायला काय विकलं किंवा कुणाकडून किती टक्क्यानं घेतलं. एकेक ओळ वेगळी विचारा. शेळी विकली हे उत्तर फीच्या रकान्यात कधी येत नाही.

फॉर्म तयार झाला की दुसऱ्या गावात दहा घरांत वापरून बघा आणि निम्मा फाडा. मोबाईलवर भरायचा असेल तर कोबो टूलबॉक्स नावाचं अॅप आहे, रेंज नसताना भरून ठेवता येतं. पण काही घरांत मोबाईल बाहेर काढला की बोलणं थांबतं, तिथं कागदच बरा.

कोण विचारणार

गावातल्याच बायका, आणि आशाताई सोडून. आशाताईंवर राग नाही, उलट त्यांच्या कामाबद्दल त्यांच्याच तोंडानं विचारायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिकलेली पाहिजे हा हट्टही सोडा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि पुढे ते वाढवलं गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका करून, त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या. तिथं गावाची पहिली मागणी पाणी आणि अन्नाची होती, दवाखान्याची नव्हे, हेही लक्षात असू द्या, म्हणजे तुमच्या बाळंतपणाच्या प्रश्नावर कुणी हंडा दाखवला तर चिडणार नाही.

सून बोलताना सासू शेजारी बसणारच. तिला उठवू नका, एक जण तिच्याशी वेगळं बोलायला बसवा, तिच्या काळची बाळंतपणं विचारा, तीही माहितीच आहे.

दवाखान्याची बाजू

तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी जा. एकदा बाजाराच्या दिवशी सकाळी, एकदा संध्याकाळी, एकदा रात्री. एमओ आहे का एवढंच बघू नका. बीपीचं मशीन चालतं का, लेबर रूममध्ये लाईट गेल्यावर काय, फ्रीजचं तापमान वहीत आजचं आहे की आठवड्याचं एकदम भरलंय. औषधं दहाच निवडा आणि स्टॉक रजिस्टर व प्रत्यक्ष कपाट दोन्ही बघा: ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, बीपीची एक, शुगरची एक, ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट आणि सर्पदंशावरचं प्रतिविष.

आणि उपकेंद्राच्या सिस्टरशी नीट बोला. एक उपकेंद्र, पाच-सहा गावं, डझनभर रजिस्टरं, वर ऑनलाइन एंट्री. तिचा अख्खा दिवस लिहून काढा, सकाळी सहापासून. मी एकदा असं केलं आणि "सिस्टर गावात फिरत नाहीत" या तक्रारीचं उत्तर त्या दिवसाच्या कागदावरच मिळालं. आठवड्याचे दोन दिवस मीटिंग आणि रिपोर्टिंगमध्ये जात होते.

आकडे मांडताना

सरासरी फसवते. पाच घरांचा खर्च २००, ३००, ३५०, ४०० आणि ३८,००० असेल तर सरासरी येते ७,८५०, आणि असा खर्च पाचातल्या एकाही घराचा नाही. मधला आकडा सांगा, ३५०, आणि ३८ हजारवाल्या घराची गोष्ट वेगळी लिहा.

एका गावाचा बालमृत्यू दर काढू नका, प्लीज. हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंधरा-वीस बाळं जन्मतात. एक बाळ गेलं तर दर हजारी पन्नास-साठच्या घरात, पुढच्या वर्षी शून्य. दोन्ही आकड्यांना काही अर्थ नाही. त्याऐवजी प्रत्येक मृत्यूची गोष्ट तीन उशिरांत मांडा. दर काढायचा तर किती गावं लागतात? सर्चचा घरोघरी नवजात बाळाच्या सेवेचा अभ्यास ३९ गावांत झाला आणि तुलनेला ४७ गावं होती. गावातल्या प्रशिक्षित बायकांनी घरी जाऊन बाळाची काळजी घेतली आणि तिथला नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ मध्ये ते छापून आलं. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाचं वजन करतात, ती पद्धत तिथूनच देशभर गेली. तुलनेची गावं नसती तर कुणीही म्हणू शकलं असतं, रस्ता झाला म्हणून कमी झालं. तुम्हाला ४७ जमणार नाहीत, पण शेजारचं एक गाव तरी मोजून ठेवा.

निष्कर्ष आधी गावाला

रिपोर्ट जिल्ह्याला, कॉलेजला, देणगीदाराला जातो आणि गावाला कळतच नाही. उलट करा. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे लोकांनीच सरकारी आरोग्यसेवेवर नजर ठेवायचं काम झालं, त्यात प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायची पद्धत होती. अजूनही याच्यापेक्षा सोपं काही मला सापडलेलं नाही. ग्रामसभेत तक्ता लावा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातली जवळची तारीख धरा. कुणाचंही घर ओळखू येईल असं काही त्यात नको, छोट्या गावात "जुळी झालेली बाई" म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

सिस्टर आणि एमओला आदल्या दिवशीच तक्ता दाखवा. एकदा मी दाखवला नव्हता, भर सभेत लाल रंग बघून तिथले डॉक्टर उठून गेले आणि पुढं वर्षभर आमच्याशी कुणी बोलेना. चूक माझीच.

मग मागण्यांची यादी नको, एकच दुरुस्ती निवडा, जी गावाच्या हातात आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजारांचा निधी असतो, तो कुठे गेला हे विचारायला सर्व्हे लागत नाही. आमच्या एका गावात दुसरा उशीर सगळ्यात मोठा निघाला, तर समितीनं दोन जीपवाल्यांशी रात्रीचं भाडं आधीच ठरवून टाकलं, नंबर प्रत्येक गरोदर बाईच्या घरात भिंतीवर कोळशानं लिहिला, आणि शेवटच्या महिन्यात नदीपलीकडच्या बायकांनी अलीकडच्या नातेवाईकांकडे येऊन राहायचं ठरलं. खर्च फार नाही आला. जे गावाच्या हातात नाही, म्हणजे रिक्त पद, बंद मशीन, ते तारखेसकट लेखी तालुका आरोग्य अधिकाऱ्याला आणि दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीला द्या, पोच घ्या.

सहा महिन्यांनी तेच बारा प्रश्न, तसेच, शब्द न बदलता, परत विचारा. पहिल्या वेळी पावसाळ्यात विचारलं असेल तर मात्र सहाऐवजी बारा महिने थांबा, नाहीतर ओढा आटला म्हणून वेळ वाचला आणि श्रेय जीपला दिलं, असं व्हायचं.